हात कुठवर पोचतो

वरची वाडी, ता. पोलादपूर
शुक्रवार, दि. १० ऑक्टोबर २०२५

चिरंजीव श्रीपतास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. नीलाला पण सांग, आणि स्वराजच्या पोरांचे माझ्या नावानं गालगुच्चे घे.

अक्षर ओळखलंस ना? मग पाकीट फोडायच्या आधीच नीलाला हाक मारली असशील. बस आता खाली. पाणी पी. मी मेलेली नाय, आणि इकडं दुसरं पण कोण मेलेलं नाय.

सगळं बरं हाय. भात पिवळं पडलंय, पण पाऊस जायचं नाव घेत नाय, खाचरात अजून चिखल, म्हणून कापणी अडलीय. म्हैस व्याली, पारडी झाली. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण चहाच्या टपरीपर्यंत बरोबर चालतो. मालोजी महाडला कंपनीत शिफ्ट करतो. त्याची बायको सेजल, तिला तू बघितलेलं नाय. लग्नाला आला नव्हतास. बोलावलंच नव्हतं मी, ते जाऊ दे.

घराला पत्रे नवे घातले. चौकट मात्र जुनीच ठेवलीय. तुझं कपाळ दरवेळी ज्या गणेशपट्टीवर आपटायचं, ती पण तीच. मालोजी म्हणत होता, आई, उंच दार करू. मी म्हटलं, राहू दे. भाऊबीजेला तू कधी पाटावर बसलास? सदान्कदा तुझी ड्युटी. महाड डेपोतनं गाडी काढायची म्हणून चौकटीत उभ्या उभ्या टिळा लावून घ्यायचास, करंजी खिशात, आणि पळायचास. आता रिटायर होऊन नाशकाला लेकाकडे बसलास तर कुणाला घाई दाखवतोस कुणास ठाऊक.

तर ऐक. तुला एक गोष्ट सांगायची हाय. ती वाचून तू तुझ्या अनुवर भडकणार. भडकायचं नाय. ही माझी अट. मान्य नसेल तर पत्र इथंच दुमड आणि उशीखाली सरकव. पुढं वाचतोयस म्हणजे मान्य, असं मी धरून चालले.

आपलं भांडण कशावरनं झालं ते तुला आठवतं, मला जास्त आठवतं. अनुच्या बारशाला भरल्या घरात तू म्हणालास, ही पोर माझ्या भाच्याची, मालोजीची. मामाची लेक आतेभावाला, आपल्यात चालतच आलंय. मग पोरीनं बारावीला एवढे मार्क काढले, डॉक्टर होणार म्हणाली, आणि तू शब्द फिरवलास. मी त्या दिवशी तुझ्या घरनं न जेवता उठले ते उठलेच. मी रागावले ते बरोबरच रागावले, त्यात एक अक्षर मागं घेणार नाय. शब्द तू मोडलास, असं मी आजपण चारचौघांत सांगेन. पण बरं झालं मोडलास. का ते आता लिहिते.

गेल्या वर्षी भात झोडून झालं, तेव्हाची गोष्ट. अंघोळीला बसले होते, साबण लावताना उजव्या बाजूला वरती काहीतरी हाताला लागलं. सुपारीएवढं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर मी गप्प बसले असते का? ठेच लागली तरी वाडी डोक्यावर घेणारी मी. पण ते मेलं दुखेचना, म्हणून मी पण काय बोलले नाय. आणि असल्या जागेचं सांगायचं कुणाला? ह्यांना? म्हशीच्या सडाला औषध लावायचं म्हटलं तरी हे बाहेर जाऊन उभे राहतात.

शेवटी देवीकडे गेले. गुरवाला म्हटलं, कौल लाव, पण मनातलं हाय, तोंडानं सांगायचं नाय. त्यानं फुलं लावली. मी मनात विचारलं, मुंबईला जाऊ का? डावीकडचं फूल पडलं. म्हणजे नको. श्रीपत, इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! देवीनंच सोडवलं. घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

सेजलला कळलं ते ब्लाउजवरनं. उजवी बाजू घट्ट व्हायला लागली म्हणून मी शिवण उसवत बसले होते. तिनं एकदा ब्लाउजकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि भाजी निवडायला गेली. पुढच्या आठवड्यात म्हणते, "आई, महाडला चला, बाजार करू." बाजार कसला करतेय! नेऊन बसवली मला दवाखान्याच्या बाकड्यावर. "मुंबईच्या डॉक्टर येतात इथं महिन्यातनं एकदा," म्हणाली, "फक्त बायकांच्या ह्याच दुखण्याच्या." मी पिशवी उचलून उठलेच होते, तेवढ्यात माझं नाव पुकारलं. आत गेले. खुर्चीत कोण? तुझी अनु.

सेजलला सगळं ठाऊक होतं. एवढीशी पोरगी, चेहऱ्यावरची माशी हलली नाय.

मी माघारी वळले. अनु काय धावत आली नाय, पाया पडली नाय, रडली नाय. बसल्या जागेवरनं म्हणाली, "बनुबाई, बसा."

असा संताप आला मला! म्हटलं, "सख्ख्या आत्याला बनुबाई म्हणतेस? ही डॉक्टरकी शिकलीस?"

"आत्या दाराबाहेर," म्हणते कशी. "आत पेशंट. आत्या माझ्याशी बोलत नाही, मला माहीत आहे. पेशंटला बोलावं लागेल. किती दिवस झाले गाठ लागून?"

आता काय करशील? बसले.

तिनं पडदा ओढला. हात एकमेकांवर चोळून गरम केले, आणि मग लावले. थंडीचे दिवस होते. एवढ्या घाईत, बाहेर बायकांची रांग लागलेली असताना, ही आधी हात गरम करते. तेवढ्यावरच माझा अर्धा राग गेला, पण मी तिला तसं दाखवलं नाय. मग मी तिला कौलाचं सांगितलं. म्हटलं, देवीचा हुकूम नाय, मी काय पुढं येणार नाय.

ती हसली नाय, श्रीपत. दुसरा कुठलाही डॉक्टर असता तर हसला असता, निदान भुवई तरी उडवली असती, आणि मी चपला घालून चालू पडले असते. हिनं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "आत्या, देवीला नेमकं काय विचारलंस?"

"मुंबईला जाऊ का."

"आणि देवी नको म्हणाली. बरोबरच आहे. आज मुंबईला जायची काही गरजच नाही. सुई घालून तपासायचं ते इथं महाडला होतं. महाडला नको, असं म्हणाली का देवी?"

"ते मी विचारलंच नव्हतं."

"मग झोप इथं."

झोपले. दुसरं करणार काय? ही आपल्याच डोंगरातली. हिला बरोबर ठाऊक, कुठनं आडवं जायचं ते.

सुईचा रिपोर्ट आला. घे, आता लिहून टाकते. कॅन्सर निघाला. स्तनाचा. परत पाणी पी, आणि रडू नको, मी तुझ्यापेक्षा धडधाकट हाय. सकाळी म्हैस मी पिळते. हा शब्द भावाला लिहिताना पेन अडलं थोडं. पण ज्या शब्दाला लाजून मी मरायच्या वाटेला लागले होते, त्याला आता काय लाजायचं?

आता तुझ्या रागाची जागा. मी अनुला म्हटलं, बापाला कळता कामा नये. माझ्याशी भांडलेला भाऊ माझी कीव करत आलेला मला चालायचा नाय. शपथ घे. ती म्हणाली, "शपथ कशाला? पेशंट नको म्हणाला की नको. बाप असला तरी." आणि तिनं पाळलं. गणपतीत ती तुझ्याकडे आली होती. जेवताना तू विचारलंस म्हणे, आपल्या बनूचं काय कानावर येतं का? पोर म्हणाली, बरी असेल. आणि घास गिळला. तोवर माझे सगळे उपचार तिच्याच नजरेखाली झाले होते. हे मला तिनं रडत सांगितलं, फोनवर. "आत्या, आता तूच सांग बाबांना, मला फार जड जातंय." म्हणून हे पत्र. तो घास तिला कसा गेला असेल, बघ जरा. तू तिला बोललास ना, तर गाठ माझ्याशी हाय.

ऑपरेशन मुंबईलाच करायचं ठरलं. मग देवीचं काय? अनु म्हणाली, "तुझी देवी, तू बोल तिच्याशी." मी गेले. मंगळवार होता, देवळात बाया होत्या, गडी पण होते चार. गुरव फुलं घेऊन म्हणाला, "मनातलंच का, बनूआत्या?"

मी म्हटलं, "फुलं ठेव खाली. मी विचारायला आले नाय. सांगायला आलेय." आणि खणखणीत आवाजात बोलले, "आई, माझ्या स्तनात गाठ हाय. कॅन्सरची. मी मुंबईला काढून घ्यायला चाललेय. माझ्या भावाची लेक तिथं डॉक्टर हाय. तू पण बाईच हायस, तुला समजेल. पाठीशी राहा."

एक गडी तर खांबाकडे तोंड करून उभा राहिला. गुरवाच्या हातात फुलं तशीच. मग आमच्या शेजारची आवडी, जी देवळात कधी तोंड उघडत नाय, ती पुढं आली आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी तशीच घरी चालत निघाले. श्रीपत, एवढी ताठ मी माझ्या लग्नात पण चालले नसेन. वाडीला मात्र बजावून ठेवलं, श्रीपतला कुणी फोन केला तर माझ्याशी गाठ. माझी जीभ सगळ्यांना माहीत, कुणी केला नाय.

मुंबईचं काय सांगू! मला वाटायचं, डॉक्टर म्हणजे एक. गाठ दिसली, कापली, झालं. तिथं एका गाठीला किती माणसं! फोटो काढणारी वेगळी, कापणारी वेगळी, सलाईनमधनं औषध देणारे वेगळे, रेडिएशनचा शेक देणारे वेगळे. सगळी एका टेबलाभोवती बसली, माझ्या गाठीचा फोटो भिंतीवर लावला, आणि बोलायला लागली, हिला आधी काय द्यायचं, मग काय. अनुनं नंतर सांगितलं मला. आपली गावकी बसते तेव्हा कुणी कुणाचं ऐकत नाय. तिथं म्हणे भांडली पण, आणि उठताना एकमतानं उठली. मी म्हटलं, माझ्यासाठी पंचायत बसली आणि मलाच बोलावलं नाय?

त्यात एक डॉक्टर यशराज म्हणून हाय. तो पेशंट बघतच नाय. गाठीचा पापुद्रा काचेवर ठेवून यंत्रातनं बघतो, आणि गाठ कसली ते तोच ठरवतो. त्याच्या शब्दावर बाकी सगळे चालतात. मी हट्टच धरला. म्हटलं, ज्यानं माझ्या गाठीचं बारसं केलं त्याचं तोंड मला बघायचंय. अनु हसून हसून बेजार. पण नेलं मला खाली. लाजाळू पोरगा, चष्मा कपाळावर. मी त्याला तांदळाची बोरं दिली, सेजलनं तळलेली. तो म्हणाला, "आजी, आजवर मला भेटायला कुठला पेशंट आलाच नाही." त्याचे डोळे भरले, मग माझे पण.

ऑपरेशनच्या आधी अनुनं मला सांगितलं, "आत्या, सुरी मी धरणार नाही. माझ्या मॅडम करतील, डॉक्टर प्रियदर्शिनी."

माझं टाळकंच सटकलं. "का? मालोजीचा राग काढतेस?"

"तुझ्यावर सुरी धरली तर हात डॉक्टरचा राहणार नाही, भाचीचा होईल. भाचीचा हात थरथरतो. तुला न थरथरणारा हात पाहिजे."

आपला मोठेपणा दाखवायला भांडलेली आत्या आयती हातात सापडली होती, पण ही मागं सरली. मॅडमनी केलं ऑपरेशन. अनु माझ्या डोक्याशी उभी होती. भूल चढेपर्यंत माझा हात हातात घेऊन विचारत होती, म्हैस किती दूध देते, खरवस ठेवशील का. मी सांगता सांगताच झोपले.

उजवा स्तन पुरता काढला, काखेतल्या गाठी पण. मग केमो. केस गेले, तोंडाची चव गेली, ओकून ओकून मी अर्धी झाले. सेजल, मालोजी दोघं आळीपाळीनं रजा काढायची. केस गेल्यावर मी आरसाच उलटा करून ठेवला होता. औषधाचे डॉक्टर रोज यायचे, मला विचारायचे, "बनुबाई, आज कुणावर ओरडलात?" मी नाय म्हटलं की त्यांना काळजी वाटायची. शेक संपला, आणि पावसात घरी आले. आता केस आलेत, पोरासारखे बारीक. हे म्हणतात, बरी दिसतेस. लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा म्हणाले.

मी घरी आल्यावर काय झालं ते ऐक. गोठ्यात आवडी आली, हळूच म्हणते, "बनूआत्या, मला पण एक लागतंय हाताला." दुसऱ्याच महिन्यात तिला अनुकडे नेली. साधी गाठ निघाली, देवीची कृपा. पण तेव्हापासनं अनुच्या दिवशी आमच्या वाडीच्या, खालच्या वाडीच्या बाया एसटी भरून महाडला. कंडक्टर विचारतो, "काय गो, लग्न कुणाचं?" मी पुढच्या सीटवर असते. दवाखान्यात नर्स विचारते, तुम्ही डॉक्टर अनुपमांच्या कोण? मी अजून नुसतं आत्या म्हणाले नाय. मी म्हणते, तिच्या बापानं आमचा शब्द मोडून तिला डॉक्टर केली, ती मी त्याची बहीण. पुढच्या बायांना पण ऐकू जाईल असं म्हणते. सून होऊन आली असती तर माझी भाकरी थापली असती तिनं, पण माझी गाठ कुणी ओळखली असती?

आता हाताचं. काखेतनं काढलं की हात वर जात नाय. खांद्याशीच अडतो. मग भिंतीला बोटं लावायची आणि मुंगीसारखी वर चढवत न्यायची, रोज थोडी थोडी. अनु प्रत्येक बाईला विचारते, "हात कुठवर न्यायचाय तुम्हाला?" कुणी म्हणते, वेणी घालता आली पाहिजे. कुणी म्हणते, फळीवरचा डबा. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, सांगत नाय.

घरी आल्या दिवसापासनं मी चौकटीशी उभी राहते. सेजल कोळशानं रेघ मारते, आज कुठवर पोचला. आधी कडीशीच अडायचा. दुखायचं असं की डोळ्यांपुढं काजवे. सेजल म्हणायची, आई, भिंतीला करा की, चौकटच कशाला? तिला काय ठाऊक, इथं कुणाचं कपाळ लागतं.

काल सकाळी बोटं गणेशपट्टीला टेकली. मी तशीच उभी राहिले. मग कुंकवाचं बोट घेऊन परत चढवला हात, उजवाच, आणि तुझं कपाळ जिथं आपटतं तिथं टेकवलं. खूण हाय अजून. सेजलनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, माप घेतलं.

भाऊबीज गुरुवारी तेवीस तारखेला हाय. पाट मांडणार हाय, पण टिळा आधी चौकटीतच लावून घ्यायचा, उभ्यानं, तुझ्या जुन्या पद्धतीनं. नीलाला आण. अनुला सुट्टी काढायला लाव, आणि तिला सांग, दाराबाहेरचं संपलं, आता आत ये म्हणावं, आत्या आतच हाय.

वाकू नको, श्रीपत. माझा हात पोचतो.

तुझी वाट बघत चौकटीत उभी असलेली,
थोरली बनू